सगळ्यात मोठा चोरकप्पा

संपादकांचा फोन आला, "मिस्त्री, तुमच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हटलं, साहेब, आजवर पेन्सिल चालवली ती लाकडावर, तीही कानावरून काढून. ते म्हणाले, तशीच चालवा, रंधा आम्ही मारू. म्हणून हे लिहितोय. कुठं खडबडीत लागलं तर दोष त्यांच्या रंध्याचा.

मी हनीफ मिस्त्री, रिसोडचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं फर्निचरचं दुकान आहे. आता ते पोरं सांभाळतात आणि मी दारात खुर्ची टाकून त्यांच्या चुका काढतो. बायको म्हणते, "अजी, बच्चों को काम करने देव ना!" देतोच आहे की. पण चौकटीचा कोन वाकडा दिसला की माझं तोंड गप्प बसत नाही, त्याला मी काय करू?

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. आमच्याकडे मुलीच्या लग्नात आंदण म्हणून कपाट नाहीतर दिवाण देतात. ऑर्डर द्यायला बाप येतो. लांबी-रुंदी तो सांगतो, सागवान की बाभूळ ते तो ठरवतो, आणि जाताना "मजबूत करजा मिस्त्री" म्हणून माझ्याच दुकानातल्या टेबलावर बुक्की मारून बघतो. मग एखाद्या बाजारच्या दिवशी माय येते. हातात भाजीची पिशवी असते. इकडं-तिकडं बघते, पदर सावरते आणि हळूच म्हणते, "मिस्त्री, एक चोरकप्पा ठेवजा बरं." हा कप्पा बापाला माहीत नसतो, जावयाला नसतो, विहिणीला तर नसतोच नसतो. कपाट टेम्पोत चढायच्या आधी नवरी दुकानात येते आणि त्याची कळ मी फक्त तिलाच दाखवतो. कधी खणामागची फळी सरकते, कधी पायाजवळची खुंटी दाबावी लागते. आत काय ठेवणार, हे मिस्त्रीनं विचारायचं नसतं.

एकदा एक आजीबाई नवऱ्याबरोबर जुनं कपाट टेम्पोत घालून दुरुस्तीला आल्या. कपाट माझ्या वालिदांच्या, म्हणजे वडिलांच्या हातचं. बाई कळ कशी उघडते तेच विसरून गेल्या होत्या आणि नवऱ्यासमोर विचारता येईना. मी आजोबांना चहा सांगायला पाठवलं आणि खुंटी दाबली. आत एक शिट्टी निघाली. बाईंनी ती तिथंच तोंडाला लावली, तर अशी खणखणीत वाजली की गल्लीतली कुत्री उठून बसली. आजोबा धावत आले, "काय झालं, काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही, बिजागरी वाजली." मी कसलीही कबुली न देता तेलाची बाटली शोधत राहिलो.

पण ज्या चोरकप्प्याचं मला आजही कौतुक वाटतं, तो भास्करभाऊंच्या वैष्णवीचा.

भास्करभाऊंची रिठदच्या रस्त्याला बागायत आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर. सकाळी तोडायची आणि रिसोडच्या बाजारात आणायची. पोरगी शिकली आणि घरी बसूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करू लागली. काम काय, तर जी इमारत अजून बांधलीच नाही तिची फिल्म काढायची. बिल्डर गिऱ्हाइकाला दाखवतो, हा तुमचा जिना, ही तुमची बाल्कनी, हे बघा खिडकीतून ऊन आलं. तिथं जागेवर जाऊन बघाल तर नुसती बोरीची झुडपं. भास्करभाऊ मला म्हणाले होते, "मिस्त्री, आमची वैशू हवेत घरं बांधते. आन लोकं पसंत करून राह्यले!"

एका दुपारी ती एकटीच दुकानात आली.

"चाचा, माह्यं लग्न जमलं. मानोऱ्याले. मले आंदणात ड्रेसिंग टेबल पायजे."

"घे ना बेटा. बाबाले पाठव, माप ठरवू."

"बाबाले सारं ठाऊक हाये. त्यात चोरकप्पा पायजे."

माय यायच्या ठिकाणी पोरगी स्वतःच आली, म्हणून मला हसू आलं. म्हटलं, "केवढा?" तर तिनं दोन्ही हात पसरून दाखवले.

"अवं, त्यात काय बकरी लपवतं का?"

"कम्प्युटर," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणीच यायला लागलं.

मामला असा होता. मुलगा अमोल चांगला, मानोरा गावातल्याच कॉलेजात शिकवणारा. त्याला होणाऱ्या बायकोच्या कामाचं कौतुकच होतं. पण त्याचे वडील उत्तमराव, एसटीतून निवृत्त झालेले, त्यांनी बैठकीतच सांगितलं होतं की पोरगी पसंत आहे, काही देणं-घेणं नको, फक्त आमच्या घरात कम्प्युटर येणार नाही. सगळ्यांनी मान हलवली. हिनंही हलवली, कारण मुलगा तिला आवडला होता. आणि पुण्याच्या कंपनीनं सांगितलं होतं, लग्नाची सुट्टी घ्या, पण काम थांबलं तर जागा दुसऱ्याला जाईल.

"मंग लॅपटॉप ने. पिशवीत मावते."

"थो थकते चाचा. एक फिल्म पुरी व्हाले मशीन दिवसभर पेटलेलं राह्यते."

"आन अमोल? त्याले सांग ना बापाशी बोलाले."

"बापासमोर त्याची बोबडी वळते."

मी विचार केला. चोरकप्प्याचा रिवाज आपणच चालवलेला. आजवर वीतभर जागा दिली, हिला हातभर लागते एवढंच. म्हटलं, "करू काम सुरू."

मग ती म्हणाली, "पण चाचा, हा पाण्यानं थंड होनारा पायजे." मी आनंदानं उडालोच. पाण्यानं थंड होणारी वस्तू म्हणजे कूलर, आणि आमच्या वऱ्हाडात कूलर कोणाला शिकवायचा? मी तिथल्या तिथं फळीवर नकाशा काढला. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, वरून पाण्याची धार, खाली टाकी आणि समोर पंखा. "पोट्टे, तुहं मशीन असं गार राहीन का मे महिन्यात स्वेटर घालाव लागन त्याले!" ती रडता रडता एवढी हसली की फळीवर डोकं टेकलं. पाणी मशीनवर टाकायचं नसतं, नळीतून फिरवायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्हालाही सांगतो, सोपं आहे. कम्प्युटरच्या आत दोन ठिकाणं चुलीसारखी तापतात. साध्या मशीनला पंखे लावतात, पण पंखे गिरणीसारखे घोंगावतात आणि बंद लाकडात गरम हवा तिथल्या तिथं फिरते. म्हणून तापणाऱ्या जागेवर तांब्याचा एक चपटा ठोकळा बसवतात, त्यातून नळीनं पाणी फिरतं, ते गरमी उचलून जाळीपर्यंत नेतं, जाळीवरचे मोठे पंखे सावकाश फिरून ती बाहेर टाकतात, आणि गार झालेलं पाणी परत येतं. ट्रकच्या इंजिनाला असतं तेच. आवाज कमी, आणि लपवायचं असेल तर आवाज हाच खरा चुगलखोर.

लाकडाचं काम माझं, नळ्यांचं तिचं. आडवा आरसा मी सागाच्या चौकटीत बसवला आणि ती चौकट एका बाजूच्या बिजागऱ्यांवर टांगली. आरशामागं स्क्रीन, खालच्या कपाटात मशीन. खणाच्या मुठीला डावीकडं वळवलं की खटका सुटतो आणि आरसा दारासारखा उघडतो. फट अशी बेमालूम की पोस्टकार्ड घुसणार नाही. हवा आत घ्यायला पायथ्याशी जाळी कोरली. गरम हवा बाहेर टाकायला डोक्यावर मोर कोरला, पिसारा फुलवलेला, आणि पिसाऱ्याचा एकेक डोळा आरपार पोकळ. मी म्हणत असे, हा मोर नाही, धुराडं आहे. पण होता मात्र देखणा. एवढा सुरेख मोर मी त्याआधी कोरला नव्हता.

पाण्यावरून भास्करभाऊंचं वेगळंच चाललं होतं. ते आपल्या विहिरीचं पाणी कॅन भरून घेऊन आले. "बाटलीतलं पानी कायले टाकता? आपल्या विहिरीचं टाका, अमृत हाये!" वैष्णवीनं समजावलं की विहिरीच्या पाण्यानं नळ्यांत पांढरा थर धरतो, यात बॅटरीत टाकतात तसलं शुद्ध पाणी लागतं. भाऊ रुसले. शेवटी ते अमृत आम्ही सगळ्यांनी प्यायलं, तेव्हा कुठं त्यांचा राग उतरला.

मशीनला वीज देण्याआधी एक परीक्षा असते. नुसता पंप चालू करायचा, प्रत्येक जोडाखाली कागद अंथरायचे आणि दिवसभर वाट बघायची. कागद ओला झाला तर कुठंतरी गळतंय. आम्ही सकाळी पंप सुरू केला. दुपारी वैष्णवी वाकून बघते तर मधल्या कागदावर एवढा मोठा डाग! पोरीचा चेहराच पडला. सगळं पाणी काढलं, सगळे जोड सोडले, रबरी कड्या तपासल्या, परत घट्ट केले. परत पाणी भरलं, परत कागद. तासाभरानं परत तिथंच डाग! मी अल्लाला हाक मारली. तिनं कागद उचलला, उजेडात धरला, नाकाजवळ नेला आणि हळूच वळून बापाकडं बघितलं. भास्करभाऊ कोपऱ्यात बसून भजे खात होते. कागद आयतेच अंथरलेले बघून दर वेळी पुडी तिथंच ठेवत होते.

"मले काय ठाऊक? मले वाटलं नाश्त्यासाठीच हाये!"

तिनं त्या दिवशी बापाला दुकानाबाहेर काढलं.

लग्नात रुखवत मांडलं. क्रोशाचे रुमाल, रंगवलेल्या सुपाऱ्या, आणि मधोमध आमचं ड्रेसिंग टेबल, त्यावर चिठ्ठी, "वैष्णवीच्या हातचे." खोटं नव्हतंच ते. नवरदेवाची आत्या चष्मा लावून आली. "हातचे म्हंजे? लाकूडबी इनंच कापलं का?" कोणीतरी म्हटलं, पॉलिश तिनं केलं. बाजूच्या कोनाड्यात काचेची एक जाड नळी होती, पाणी भरायची. आत्यानं तीही विचारली. वैष्णवीच्या आईनं डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "गुलाबपानी ठेवाचं हाये त्यात." मग सगळ्या बायांनी ओळीनं त्या आरशात केस सारखे केले. अमोल मात्र टेबलाकडं बघतच नव्हता. चोरी केल्यासारखा घामाघूम झाला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "जवाई, जरा हसा. तुमचं लग्न हाये."

टेम्पोबरोबर मानोऱ्याला मी स्वतः गेलो. टेबल खोलीत लावलं. उत्तमराव कमरेवर हात ठेवून उभे. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस. गाडी सुटायच्या आधी टायर बघावेत तसं त्यांनी टेबल चारी बाजूंनी बघितलं.

"एवढं जड काहून हाये?"

"सागवान हाये जी."

"आन आरशाले वायर कायले?"

"लाइट हायेत ना. पोरीले पावडर-कुंकू कराले उजेड लागते."

"मोर चांगला कोरला."

"मेहेरबानी."

मग त्यांनी मला हात धरून आपल्या शेजारी जेवायला बसवलं. स्वतः तूप-पोळी वाढली. पाहुणे निम्मे उठून गेल्यावर म्हणाले, "मिस्त्री, लोकं मले खडूस म्हनतात. पोरीले कम्प्युटर नाही म्हटलं म्हून. तुमी सांगा. माहा मोठा पोरगा पुण्याले राह्यते. लॉकडाउनमधी घरी आला. मले वाटलं, चला, पोरगं घरी आलं. तं थो दिवसभर दार लावून त्या डब्यापुढं. मी चा घेऊन जाव, तं असा हात वर करे. बाबा, मीटिंग. सालभर मी त्याचा तळहातच पाह्यला. गेला तवा बायको रडली. मले तं रडूबी नाही आलं. रडाले वळख तं पायजे मानसाची."

चोरकप्पे मी आयुष्यभर बनवले, पण ज्याच्यापासून लपवायचं त्यानं कधी माझ्या ताटात तूप वाढलं नव्हतं. खोलीत त्याच्याच घराच्या भिंतीला त्याचा दुश्मन मी मोर लावून टेकवून आलो होतो. मी खाली बघून पोळी मोडत राहिलो. बोललो असतो तर पोरीचं काम गेलं असतं. परतीच्या वाटेवर टेम्पोवाला गाणी लावत होता, मी त्याला दोनदा बंद करायला सांगितली.

पुढं पाऊस लागला. वैष्णवीचा फोन नाही. भास्करभाऊंना विचारावं तर ते म्हणत, "मजेत हाये." मजेत म्हणजे काय, ते सांगत नसत. आणि एके दिवशी दुकानासमोर जीप थांबली आणि उत्तमराव उतरले. छत्री न उघडता, भिजत, सरळ माझ्या खुर्चीसमोर.

"हनीफ मिस्त्री, तुमच्या त्या आरशानं डोकं उठवलं."

पोरांनी करवत थांबवली. मी उभा राहिलो, म्हटलं, "भाऊ, पोरीची काही चूक नाही. जे काय हाये थे माह्या..."

"चूक तुमचीच हाये! दुसऱ्याची कशी राहीन? आरसा अडकला! काल सांजीपासून उघडून नाही राह्यला. पोरीची फिल्म आज द्याची हाये, पुण्याहून फोनावर फोन येऊन राह्यले. मी तं कालच तोडून टाकत होतो, थे म्हने, बाबा, आंदण हाये, तोडू नका. रंधा घ्या. चला लौकर!"

मी विचारलं, "तुमाले... ठाऊक हाये?"

"मिस्त्री, जिंदगी बसस्टँडवर काढली. बिनातिकिटाचा मानूस मले वासानं समजते. आन माह्या बायकोनं तं आठ दिवसांतच मोरावर रुमाल वाळत घातले. म्हने, इथं गरम हवा लागते."

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी बाकीचं सांगितलं. ते सगळं ओळखून गप्प बसले होते, पोरगी किती दिवस लपवते ते बघत. आणि एका सकाळी तिनंच त्यांना खोलीत बोलावलं, मूठ डावीकडं वळवली आणि आरसा उघडला. म्हणाली, बाबा, मला खोटं बोलून तुमच्या घरात राहता येत नाही. काढा म्हणाल तर काढते. "मी काढच म्हननार होतो," उत्तमराव म्हणाले. "तोंडापर्यंत आलं होतं. तं त्या स्क्रीनवर एक घर. जिना पाह्यला म्या. म्हटलं, हा जिना चढून म्हातारा मानूस मरन. दोन पायऱ्यांत एवढं अंतर कोनी ठेवते का? तं इनं स्टूल ओढलं. म्हने, बसा ना बाबा, सांगा, केवढं ठेवू?"

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले.

घरी पोचलो तर वैष्णवी आरशासमोर नख कुरतडत उभी. मला बघून हसली आणि रडलीही. मी चौकट तपासली. आतून मशीनची गरमी, बाहेरून मानोऱ्याचा पाऊस, आणि मधे माझं कोरडं सागवान. बाकलं होतं. जन्मभर लोकांना छाती ठोकून सांगत आलो की हनीफचं सागवान बाकत नाही. घ्या! पातळ पटाशी घालून, ठोकून, वरची कड तासून मी आरसा उघडला. पोरीनं झडप घालून मशीन सुरू केलं. नळीत पाणी फिरू लागलं.

मी रंध्यानं कड साफ करत म्हटलं, "आता थोडी फट ठेवतो. पावसाळ्यात अडकनार नाही."

"फट नका ठेवू," उत्तमराव म्हणाले. "थे दारच काढून टाका."

"आन आरसा?"

"भिंतीले लावा. मले दाढीले होईन."

मी एवढ्या मेहनतीनं लपवलेल्या बिजागऱ्या एकेक करून सोडवल्या. खरं सांगतो, जीव तुटत होता. ज्या फटीत पोस्टकार्ड जात नव्हतं ती आता कोणाला दिसणार? पण स्क्रू सोडवताना माझे हात हलके पडत होते, आणि डोळे पुसायला मला भुशाचं निमित्त होतं. मागं उत्तमरावांनी पायानं स्टूल पुढं ओढलं, त्यावर ठाण मांडून बसले आणि चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला.

"हं बेटा," ते म्हणाले, "दाखव आता. आज कोनाचं घर हाये?"